इंजिन मळवण्याची कला

नेरला रेल्वे नाही. यवतमाळ जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव अमरावती–यवतमाळ रस्त्यावर एसटीच्या भरवशावर नांदतं. आगगाडीच पकडायची झाली तर बडनेरा नाहीतर धामणगाव गाठावं लागतं. शेजारच्या दारव्ह्याला मात्र शकुंतला होती. मूर्तिजापूरहून निघून कारंजा, दारव्हा करत यवतमाळला टेकणारी ही अडीच फुटी रुळांवरची गाडी इतक्या सावकाश जायची, की तिच्यातून लग्नाला निघालेला माणूस बारशाला पोचतो, असं म्हणायला कोणाला फारशी कल्पनाशक्ती लागत नसे.

अशा गावात एखाद्याला टेबलावरच्या इंजिनांचा नाद लागला, तर काय होईल?

समजा, गृहस्थ निवृत्त गुरुजी आहेत. पेन्शन वेळेवर येते, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं आहे, आणि पुण्याच्या भाच्याने इंग्लंडहून येताना मामांसाठी एक जुनं खेळण्यातलं वाफेचं इंजिन आणलं आहे. साठेक वर्षांपूर्वीचं, प्लॅस्टिकच्या अंगाचं, तळहातावर मावणारं. ट्राय-अँग नावाच्या कंपनीने त्या काळात अशी इंजिनं खेळण्यांच्या दुकानांतून घरोघर पोचवली. भाच्याच्या डोक्यात ही शोकेसमध्ये ठेवायची वस्तू. शोकेसमध्ये ती एक रात्र राहते. दुसऱ्या दिवशी गुरुजी भिंग घेऊन बसतात आणि घराची शांतता संपते.

घरच्यांना इंजिन छान दिसतं. हिरवं, चकचकीत, चाकं लाल. गुरुजींना त्यात एकही गोष्ट धड दिसत नाही. बॉयलरच्या बाजूची धरायची दांडी ही दांडीच नाही, प्लॅस्टिकवर उठवलेला वळ आहे. कोळसा म्हणून मागे जे रचलंय तो एकसंध काळा डोंगर आहे, त्यावर फावडं मारलं तर फावडं तुटेल. पुढचा दिवा म्हणजे चंदेरी रंगाचा ठिपका. ड्रायव्हरच्या जागी ड्रायव्हर नाही, मोटारीचा पार्श्वभाग आहे. आणि डबा जोडायचा आकडा एवढा मोठा, की खऱ्या इंजिनाला त्या हिशेबाने आकडा लावला असता तर त्याला बैलगाडी टांगता आली असती. गुरुजी वहीत यादी करतात. यादीला ‘सुधारणा’ असं शीर्षक देतात. गुरुजींच्या बाई पदराला हात पुसत विचारतात, “काय करून रायले हो तुम्ही? चांगलं तं आहे ते.”

या छंदाचा सगळा विनोद बाईंच्या या प्रश्नात आहे. जुनी सायकल सुधारली की ती नवी दिसते. जुनं घर सुधारलं की नवं दिसतं. जुनं मॉडेल इंजिन सुधारलं की ते आधीपेक्षा कितीतरी जुनं दिसतं, आणि त्यासाठी पैसे पडतात.

सुरुवात पोटापासून होते. त्या काळच्या मोटारी उघड्या असत: तीन ध्रुवांचं आर्मेचर, वरती कायम चुंबकाचा ठोकळा, दोन कार्बन ब्रश आणि ते दाबून धरणारी स्प्रिंगची तार. बारा व्होल्ट डीसी दिला की फिरते, जास्त दिला की फार फिरते, मधलं काही नाही. असलं इंजिन रुळावर ठेवून वीज सोडली की ते आधी विचार करतं, मग गुरगुरतं आणि मग टेबलाच्या टोकाकडे असं सुटतं, की त्याच्या मापाने हिशेब केला तर राजधानी एक्सप्रेसने रस्ता द्यावा. ताशी २० किलोमीटरने जाणारी गाडी १:८७ या प्रमाणात लहान केली, तर तिने सेकंदाला साधारण साडेसहा सेंटिमीटर सरकायला हवं. म्हणजे मुंगीपेक्षा जरा घाईत. साठ वर्षांच्या मोटारीला हे शिकवणं अवघड असतं.

इथे नवशिका मोटार उघडतो आणि साफसफाईच्या भरात चुंबक सुटा करून बाजूला ठेवतो. जुनी अल्निको जातीची चुंबकं लोखंडी चौकटीतून काढली आणि दोन टोकांवर लोखंडाची पट्टी ठेवली नाही, तर त्यांचा जोर कमी होतो. परत बसवल्यावर इंजिन चालतं, पण मरगळल्यासारखं, आणि गरम मात्र आधीपेक्षा जास्त होतं. म्हणून जाणकार लोक एक तर चुंबकाला हात लावत नाहीत, नाहीतर सरळ जुनी मोटार काढून बंद डब्याची, पाच ध्रुवांची बारकी मोटार बसवतात. ज्यांना हल्लीचं डिजिटल नियंत्रण हवं, म्हणजे एकाच रुळावर दोन इंजिनं वेगवेगळ्या चालीने चालवायची आहेत, त्यांच्यापुढे वेगळाच घोळ. जुन्या मोटारीचा एक ब्रश सरळ सांगाड्याला चिकटलेला असतो, म्हणजे रुळातली वीज त्यात थेट शिरते. तो तसाच ठेवून या नियंत्रणासाठी लागणारा हजारो रुपयांचा डीकोडर जोडला, तर डीकोडर एकदाच काम करतो, आणि ते काम धूर काढण्याचं असतं. तो ब्रश अलग करायला लागते तांदळाच्या दाण्याएवढी रबरी नळी. नेरमध्ये ती कुठे मिळणार? विजेच्या वायरचं साल सोलून.

खरं तर तालुक्याचं गाव या धंद्याला अगदीच वाईट नाही. इंग्लंड-जर्मनीत ज्या गोष्टी खास छंदाच्या दुकानात पुडीत मिळतात, त्या इथे वेगवेगळ्या नावांनी बाजारभर विखुरलेल्या असतात. अर्ध्या मिलिमीटरची पितळी तार सोनाराकडे. डोळ्याला लावायचं भिंग आणि बारके पेचकस घड्याळवाल्याकडे. वाफेच्या नळ्यांसाठी औषधाच्या दुकानातली इंजेक्शनची सुई, जिचं टोक कापून टाकलं की ती स्टेनलेस स्टीलची देखणी पोकळ नळी असते. व्हॅक्यूम ब्रेकचा पुढे लोंबणारा पाइप म्हणजे गिटारची गुंडाळलेली जाड तार, तेवढ्यासाठी मात्र यवतमाळ किंवा अमरावती. इंजिनाला वजन कमी पडून चाकं जागच्या जागी फिरत असतील, तर मासे धरायच्या जाळ्याला लावतात ते शिसं.

पण या सगळ्यांचा राजा म्हणजे मोबाईल दुरुस्तीवाला पोरगा. त्याच्याकडे बारीक टोकाची इस्त्री आहे (डाख देण्याची, कपड्यांची नव्हे), फ्लक्स आहे, पाट्या पुसायचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आहे, आणि जुन्या फोनमधून काढलेले एलईडी आहेत. १.६ गुणिले ०.८ मिलिमीटरचा एलईडी. तो कागदावर ठेवून पोरगं म्हणतं, “गुर्जी, फक्त शिंकू नका.” त्याच पोराकडून गुरुजी अल्कोहोल उसनं आणतात आणि इंजिनाचा जुना हिरवा रंग त्यात भिजवून उतरवतात. हेच काम सुनेच्या नेलपॉलिश रिमूव्हरने झटपट होतं असं कोणीतरी सांगतं. झटपट होतं हे खरं. रंगाबरोबर खालचं पॉलिस्टायरिनही विरघळतं आणि इंजिनाला मेणबत्तीची कळा येते.

मग दांडीचं काम. प्लॅस्टिकवरचा वळ ब्लेडने हलकेच तासायचा, जागा घासून सपाट करायची, हातात धरायच्या ड्रिलने अर्ध्या मिलिमीटरची छिद्रं पाडायची आणि त्यांत पितळी तार बसवायची. वाचायला ही चार कामं आहेत. करायला बसलं की तिसऱ्या छिद्रात ड्रिलचं पातं मोडतं आणि मोडलेला तुकडा आतच राहतो. पण तार बसल्यावर तिच्या मागे जी केसाएवढी सावली पडते, ती पाहून गुरुजी घरातल्या सगळ्यांना एकेक करून बोलावतात. सगळे पाहतात. सगळे म्हणतात, “हो, छान.” आधी काय होतं हे कोणालाच आठवत नसतं.

कोळशाच्या बाबतीत मात्र यवतमाळ जिल्ह्याला जगातला कोणताही छंदिष्ट हात जोडेल. वणी परिसरात कोळशाच्या खाणीच आहेत. बाकीचे लोक प्लॅस्टिकचा कोळसा पुडीतून विकत घेतात, इथे खडा फुकट आणि अस्सल. वीतभर ढेकळाचं प्रमाणात माप काढलं तर दोन-अडीच मिलिमीटर. खडा खलात कुटायचा, आणि मोठे-बारके दाणे वेगळे करायला गाळायचा. गाळायला घरात नेमक्या मापाची एकच वस्तू असते आणि ती चहाची गाळणी. या टप्प्यावर बहुतेक घरांत पहिलं गंभीर भांडण होतं. दाणे रचून झाले की पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून ड्रॉपरने सोडायचं. साबणाने पाणी दाण्यांच्या फटींत शिरतं, नाहीतर ते वरच्या वर गोळी होऊन बसतं. सकाळी कोळसा घट्ट झालेला असतो. गाळणी नवी आणावी लागते.

इथवर येईतो इंजिन इंग्लंडचं. आता ते आपल्या मध्य रेल्वेचं करायचं, म्हणजे अंगावर ‘म. रे.’ हवं, पुढे गुरं बाजूला सारणारी जाळी हवी, कपाळावर मोठा गोल दिवा हवा. आणि मग गुरुजी रूळ मोजतात. मोजायला नको होतं.

ब्रिटिश मंडळींनी आपल्या टेबलावरच्या गाड्यांचं अंग एका फुटाला चार मिलिमीटर या मापाने बनवलं आणि रूळ मात्र युरोपातले, एका फुटाला साडेतीन मिलिमीटरच्या मापाचे, साडेसोळा मिलिमीटर रुंदीचे घेतले. कारण, ब्रिटिश इंजिनं मुळात अंगाने लहान, आणि त्या काळची मोटार त्यांच्या पोटात मावत नव्हती, म्हणून पोट वाढवलं. पाय तेवढेच राहिले. ब्रिटनमध्ये हे जोडपं अजून तसंच नांदतंय. आपली ब्रॉडगेज तर त्यांच्याहूनही रुंद, १,६७६ मिलिमीटर. त्यांच्या अंगाच्या मापाने तिचा रूळ २२ मिलिमीटर भरतो, ८७ पट लहान करून धरला तरी १९ मिलिमीटरच्या वर जातो. बाजारात मिळतो साडेसोळाचा. म्हणजे भारतातला मेल-एक्सप्रेसचा छंदिष्ट कितीही बारीक दांड्या लावो, त्याची गाडी जन्मभर आखूड धोतरात उभी असते. लांबून कळत नाही. पण ज्याला कळतं त्याला रात्री झोप येत नाही, आणि या छंदात ज्याला कळत नाही असा माणूस टिकतच नाही.

आता शकुंतलेचा हिशेब पाहा. तिचा गेज ७६२ मिलिमीटर. ८७ ने भागा: ८.७६. जगात कुठेही, अगदी सहज मिळणारा दुसरा मॉडेल रूळ आहे ९ मिलिमीटरचा. फरक पाव मिलिमीटरचा! जी गाडी खऱ्या जगात कधीच वेळेवर नव्हती, ती टेबलावर मापात इतकी काटेकोर बसते, की मुंबईच्या मेलने लाजावं. हे कळल्यावर गुरुजींचं पहिलं इंजिन अर्धवट राहतं आणि दुसरं सुरू होतं. या छंदात बहुतेक इंजिनं अशीच अर्धवट राहतात.

आणि दुसरं इंजिन तरी कसलं? शकुंतलेचा इतिहासच सुधारणेच्या विरोधातला आहे. विदर्भातला कापूस मुंबईच्या मुख्य मार्गापर्यंत आणायला किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही लाइन घातली. स्वातंत्र्यानंतर बाकीच्या रेल्वे सरकारच्या झाल्या, हिची मालकी कंपनीकडेच राहिली आणि गाड्या मात्र सरकारने चालवल्या. तिला ओढणारं झेडडी जातीचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलं, १९२३ मध्ये इथे कामाला लागलं आणि १५ एप्रिल १९९४ ला उतरलं. सत्तर वर्षं एकच नोकरी. त्या मार्गावरच्या सिग्नलांवर लिव्हरपूलचा छाप आणि १८९५ हे साल असल्याचं बातम्यांमधून पुन्हा पुन्हा छापून आलं. फ्रँक हॉर्नबीची खेळण्यांची कंपनीही लिव्हरपूलचीच, तिथूनच १९२० मध्ये चावीच्या आगगाड्या बाजारात आल्या. एकाच शहराने खरे सिग्नलही पाठवले आणि खेळण्यातल्या गाड्याही. खेळण्यांची देखभाल जास्त झाली.

खेळण्यांनाही रोग असतात, ही गोष्ट वेगळी. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या ओतीव इंजिनांना जस्ताचा कुजवा लागतो. जस्ताच्या मिश्रधातूत शिशाची भेसळ झाली असेल तर धातू वर्षानुवर्षं आतून फुगत, तडकत जातो आणि एक दिवस शोकेसमध्ये इंजिनाऐवजी राखाडी चुरा सापडतो. त्यावर औषध नाही. गुरुजींचं इंजिन प्लॅस्टिकचं आहे, ते यातून वाचलं. प्लॅस्टिकला नावं ठेवणाऱ्यांनी निदान या बाबतीत तोंड सांभाळावं.

रंगाची पाळी शेवटी येते, आणि इथे निवृत्त शिक्षकाला जन्मभराची पुंजी उपयोगी पडते. इंजिनाला आधी मॅट काळा फवारा. मग त्याला मळवायचं. खऱ्या इंजिनाचा मळ एका रंगाचा नसतो: चिमणीपाशी काजळी, पाणी भरायच्या तोंडाखाली क्षारांचे पांढरे ओघळ, चाकांवर ब्रेकची तांबूस भुकटी, जोडदांड्यांवर तेलाची काळी चकाकी. परदेशात या भुकट्या बाटल्यांत मिळतात आणि बाटलीच्या किमतीत नेरला आठवड्याचा भाजीपाला येतो. गुरुजी खडूंचा डबा काढतात. पांढरा, तांबडा, पिवळा. पॉलिश पेपरवर घासला की भुकटी, मऊ कुंचल्याने लावायची, वरून मॅट वॉर्निशचा फवारा. वॉर्निश बसताच निम्मा खडू गायब झालेला दिसतो, म्हणून तो आधीच दुप्पट लावायचा असतो. पस्तीस वर्षं फळ्यावरचा खडू पुसणारा माणूस आता तो टिकवायच्या मागे लागतो.

या प्रकाराला विदर्भात हसणं खरं तर अन्यायाचं आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पोरं चाकांचे लाकडी नंदी दोरीने ओढत आणतात, त्यांच्या सजावटीच्या स्पर्धा लागतात, बक्षिसं मिळतात. घराघरांत आजोबांच्या काळचा नंदी असतो, त्याला दर वर्षी नवा रंग, नवी झूल, मोडलेल्या शिंगाला फेव्हिक्विक. चाकांवरच्या जुन्या मॉडेलची दरसाल दुरुस्ती आणि सजावट हा इथे सार्वजनिक सण आहे. फरक एवढाच, की नंदी सजवणारा त्याला शेण लावत नाही. इंजिनवाला असता तर योग्य जागी, योग्य मापाचं लावलं असतं.

ज्यांना या वेडाचं भरलेलं ताट पाहायचंय त्यांनी पुण्याला कोथरूडमध्ये जावं. भाऊ जोशी यांनी उभारलेलं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ ला सुरू झालं. एका खोलीएवढं शहर, त्यात वाफेच्या गाडीपासून वेगवान आणि टांगत्या गाडीपर्यंत सगळं, आणि दिवे मालवले की रात्रही. तारीख एक एप्रिलची असली तरी प्रकरण अजिबात थट्टेचं नाही. तिथे आलेली लहान मुलं गाड्या पाहतात. वडील खाली वाकून वायरिंग पाहतात.

दरम्यान खऱ्या रेल्वेलाही हा नाद लागला आहे. ३१ ऑक्टोबर २०२३ ला गुजरातेत एकता नगर ते अहमदाबाद अशी हेरिटेज गाडी सुरू झाली. चेहरा वाफेच्या इंजिनाचा, पोट विजेचं. माथेरानच्या एका डिझेल इंजिनालाही वाफेच्या इंजिनाचा साज चढला. म्हणजे आत नवी मोटार आणि बाहेर खोटी चिमणी, नेमकं जे गुरुजी स्वयंपाकघरातल्या टेबलावर करतात तेच, फक्त १:१ प्रमाणात आणि सरकारी खर्चाने. हे ऐकल्यापासून गुरुजींचा घरातला दर्जा वाढला आहे. बाई शेजारणीला सांगतात, “रेल्वेवाले बी आता असंच करून रायले म्हणे.”

शकुंतला मात्र थांबलेली आहे. २०१६ च्या सुमाराला तिचं ब्रॉडगेज करायची घोषणा झाली, गाड्या बंद पडल्या आणि काम वर्षानुवर्षं कागदावर राहिलं. टेबलावर ती चालवायची झाल्यास मूर्तिजापूर–यवतमाळ हे ११३ किलोमीटर प्रमाणात लहान करूनही तेराशे मीटर रूळ लागतो. म्हणजे तो गुरुजींच्या घरातून निघून, गल्लीबाहेर पडून, चौकात रहदारी अडवेल. त्यामुळे तूर्त दिवाणाखाली गोल फेरा आणि एकच स्टेशन, दारव्हा. तिथे एक सिग्नल, दोन बाभळी (वाळलेल्या तुळशीच्या मंजिऱ्यांच्या) आणि एक बाक.

माणसं उभी करणं बाकी आहे. या मापाची रंगवलेली प्लॅस्टिकची माणसं परदेशात सहाच्या पाकिटात येतात आणि सगळीच्या सगळी युरोपियन, ओव्हरकोट घातलेली. दारव्ह्याच्या उन्हात ओव्हरकोट बरा दिसत नाही, म्हणून गुरुजी एकाचा कोट ब्लेडने तासून सदरा करतात आणि डोक्यावर टिश्यू पेपरचं उपरणं चिकटवतात. पण पाकिटातली पाच माणसं अजून तशीच पडून आहेत. शकुंतलेचा गार्ड तिकिटंही फाडायचा, कारण बहुतेक स्टेशनांवर दुसरं कोणी नसायचंच. तेव्हा एक कर्मचारी पुरतो. गुरुजी चिमट्याने त्याला उचलून आधी तिकिटाच्या खिडकीपाशी उभा करतात, तिकिटं संपली की मागच्या डब्यात नेऊन बसवतात आणि मगच करंट सोडतात. या सगळ्यात गाडीला चांगलाच उशीर होतो.